पुन्हा एकदा ओनामा

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळीच लेकाचा फोन आला. "आई, तूच जरा समजाव तिला. आमचं काही ऐकत नाही." ती म्हणजे माझी नात. स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज सांभाळून एखादी परदेशी भाषा शिकायची, इथपर्यंत घरात एकमत होतं. लेकाचं म्हणणं जर्मन शीक. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते, पुढे एम.एस.ला उपयोग होईल. हिशोब अगदी सरळ. आणि ही पोरगी परस्पर जाऊन जपानीच्या वर्गाची फी भरून आली!

आता मी काय समजावणार, कपाळ! चोरालाच चौकीदारी दिल्यासारखं झालं हे. कारण निवृत्तीनंतर मीच वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी जपानीच्या वर्गात जाऊन बसले होते, आणि तेव्हा हाच लेक म्हणाला होता, "आई, आता या वयात जपानी? त्यापेक्षा गीतेचा वर्ग लाव." असो. पण फोन ठेवल्यावर त्याचा प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला. कॉलेजातली ही मुलं एवढ्या भाषा सोडून जपानीच का घेतात?

एक आधीच सांगून टाकते. याला 'तिसरी भाषा' म्हणायची पद्धत आहे. घरची एक, इंग्रजी दुसरी आणि ही तिसरी. आपल्या मराठी मुलांच्या बाबतीत हा हिशोब चुकतो. मराठी, हिंदी, इंग्रजी झाल्यावर जपानी येते ती चौथी. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर पाचवी. अर्थात शाळेत 'घेतलेली' भाषा आणि 'आलेली' भाषा यांतला फरक छत्तीस वर्षं शिकवल्यावर मला चांगला ठाऊक आहे, तेव्हा तिसरी म्हणायलाही माझी हरकत नाही.

नेहमीची उत्तरं दोन. पहिलं नोकरी. पुण्यात जपानी कंपन्यांचं काम करणाऱ्या आयटी कंपन्या आहेत, चाकणकडे कारखाने आहेत, दुभाषे लागतात, भाषांतरकार लागतात. दुसरं उत्तर म्हणजे कार्टून. या मुलांसमोर कार्टून म्हटलेलं चालत नाही, 'अॅनिमे' म्हणायचं. २००५ च्या आसपास 'डोरेमॉन' हिंदीत बोलत आपल्या घराघरांत शिरला, पाठोपाठ शिनचॅन आला, आणि ती बघत जेवलेली पोरं आता विद्यापीठात आहेत. दोन्ही उत्तरं खरी आहेत. पण नोकरी जर्मननेही मिळते, आणि कार्टून बघायला भाषा शिकावी लागत नाही, खाली अक्षरं येतात. म्हणजे आणखी काहीतरी असणार. इतिहास शिकवायची सवय वाईट, कशाचंही मूळ शोधल्याशिवाय चैन पडत नाही.

मूळ शोधायला गेलं की आपण थेट १९०५ ला पोहोचतो. त्या वर्षी जपानने रशियाचा पराभव केला. एका आशियाई देशाने युरोपातल्या बड्या सत्तेला लोळवलं, याचं आपल्याकडे केवढं अप्रूप! पुण्यात 'केसरी'ने त्याचं स्वागत केलं. त्याच्या एक वर्ष आधी कलकत्त्याला तरुणांना धंदेशिक्षणासाठी परदेशी पाठवणारी एक संस्था निघाली होती, आणि तिने पाठवलेल्या मुलांतली बरीचशी जपानला गेली. काच, साबण, काड्यापेट्या, पेन्सिली, असल्या वस्तू करायला शिकणं हेच तेव्हा देशकार्य होतं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, जे पुढे मेक्सिकोत मोठे शेतीतज्ज्ञ म्हणून गाजले, तेही अमेरिकेला जाण्याआधी जपानलाच गेले होते.

यातला पुण्याजवळचा दाखला म्हणजे तळेगावचा काच कारखाना. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून 'पैसा फंड' उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. त्याला टिळकांचा पाठिंबा होता. तो उभारायला माणूस मिळाला तो ईश्वरदास वार्ष्णेय, जपानात काचकाम शिकून आलेला. मी दर वर्षी स्वदेशीचा धडा शिकवताना मुलांना हा कारखाना सांगायची. पण जपानात राहिलेला हा माणूस आपल्या इतक्या जवळ असताना त्याच्याकडून आपण काय मागितलं, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. आपण काच मागितली. भाषा नाही मागितली.

दुसरा दाखला त्याहून जवळचा. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईला सामाजिक परिषद भरायची होती आणि अध्यक्ष होते धोंडो केशव कर्वे. भाषणात काय मांडावं या विचारात असताना त्यांना आपल्याकडे येऊन पडलेली एक पुस्तिका आठवली. ती होती तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती. नारुसे जिन्झो यांनी १९०१ साली ते काढलं होतं. कर्व्यांनी ती वाचली, त्यावरून आपल्या अध्यक्षीय भाषणात महिलांसाठी वेगळ्या विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली पुण्यात ते काढलंसुद्धा. आज आपण त्याला एसएनडीटी म्हणतो. या विद्यापीठाचं सगळ्यांत मोठं वेगळेपण कोणतं असेल, तर उच्च शिक्षण मातृभाषेतून. इंग्रजी हा विषय म्हणून सक्तीचा, पण शिकवायचं मराठीतून, गुजरातीतून.

इथे मला थोडं थांबायला हवं, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. जपाननेही सुरुवात इंग्रजीनेच केली होती. तोक्योच्या विद्यापीठात आरंभी परदेशी प्राध्यापक मोठ्या पगारावर आणलेले, आणि ते आपापल्या भाषेत शिकवायचे. पण जपान्यांनी हे तात्पुरतं मानलं. भाषांतरं केली, शब्द घडवले, परदेशी शिकून आलेल्या आपल्या माणसांना त्या जागांवर बसवलं. 'फिलॉसॉफी'ला जपानीत 'तेत्सुगाकु' म्हणतात, तो शब्द निशी आमाने नावाच्या गृहस्थांनी घडवलेला. एका पिढीत त्यांचं विद्यापीठ त्यांच्या भाषेत बोलू लागलं. आपल्याकडे शब्द घडवणारे कमी नव्हते. पण घडवलेला शब्द वर्गात वापरायचा असतो, तिथे आपण अडलो.

म्हणजे बघा, जपानचं कौतुक आपण शंभर-सव्वाशे वर्षं करतो आहोत, पण सगळं इंग्रजीच्या खिडकीतून. पु. लं.नी 'पूर्वरंग' लिहून जपान घरोघरी पोहोचवला. शिरीष पै यांनी हायकू मराठीत आणला आणि रुजवला. आम्हा शिक्षकांमध्ये 'तोत्तोचान' या हातातून त्या हातात फिरायचं. माझ्या प्रतीची तर पानं सुटली. हे सगळं माझं आवडतं. पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला 'आपण ती भाषाच शिकू' असं वाटल्याचं मला आठवत नाही. मलाही नाही वाटलं.

खरं सांगायचं तर मला भाषा शिकायचं वाटलं होतं, जपानी नव्हे, कुठलीही. १९७१ साली बी.ए. झाले, मराठी माध्यमातून, इतिहास घेऊन. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे परदेशी भाषांचे वर्ग चालत. मी त्या दारावरून रोज जात होते. दोनदा फाटकाच्या आत गेले आणि परत आले. आतून येणाऱ्या मुली इंग्रजीत बोलत होत्या. फॉर्म इंग्रजीत असेल, खिडकीतला माणूस इंग्रजीत विचारेल, बाई इंग्रजीतून शिकवतील, आणि मी उभी राहीन तशीच. कुणी मला हाकललं नाही बरं का. कुणी काही म्हणालंसुद्धा नाही. मी आपली आपणच परत फिरले. मग बी.एड., नोकरी, लग्न, आणि छत्तीस वर्षं खडू.

नेमकं त्याच दशकात पुण्यात जपानी शिकवायला सुरुवात होत होती, हे मला फार उशिरा कळलं. आणि ती सुरुवात करणाऱ्यांत कारखान्यातून आलेले इंजिनियर होते. जपानने १९५९ साली परदेशी तंत्रज्ञांना बोलावून प्रशिक्षण देणारी एओटीएस नावाची संस्था काढली. तिच्यातर्फे पुण्या-मुंबईचे तरुण इंजिनियर जपानला जायचे. यंत्र शिकायचं तर आधी थोडी भाषा शिकवली जायची. ते परत आले ते भाषा घेऊन, आणि संध्याकाळी कामावरून सुटल्यावर चार जणांना शिकवू लागले. १९८० च्या दशकात कायनेटिक-होंडा आली, बजाज-कावासाकी आली, आणि १९९० नंतर संगणकाची कामं. जपानी कंपनीची गंमत अशी की तिचे कागद जपानीतच असतात. इंग्रज गिऱ्हाईकाशी आपण इंग्रजीत बोलतो, जर्मन गिऱ्हाईक वेळ पडली तर इंग्रजीत बोलतो. जपानी गिऱ्हाईकाला त्याच्या भाषेतच भेटावं लागतं. तेव्हा ज्याला ती भाषा येते त्याला किंमत आली. काचेसाठी जे झालं नाही ते संगणकासाठी झालं.

तर २००८ साली मी निवृत्त झाले आणि त्याच वर्षी जून महिन्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर चालणाऱ्या वर्गात नाव घातलं. हे धाडस त्या वयात कुठून आलं सांगता येत नाही. बहुधा आता कुणी हसलं तरी चालेल अशी वयाची मुभा मिळाली होती. वर्गात बाविसेक जण होते. बहुतेक इंजिनियरिंगची पोरं, दोघी-तिघी कॉमर्सच्या, एक बँकवाले, मुलं मोठी झाल्यावर घराबाहेर पडलेली एक बी.एस्सी. गृहिणी, आणि मागच्या बाकावर जुन्नरकडचा एक मुलगा. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग पुण्याला इंजिनियरिंगला आलेला. पहिले दोन महिने त्याने तोंड उघडलं नाही. वर्गात थट्टा-मस्करी चालायची ती इंग्रजी-हिंदीतून, हा नुसता हसायचा. मला ते हसणं ओळखीचं होतं.

तिसऱ्या महिन्यात प्रत्यय आले आणि चित्र पालटलं.

आमच्या शिकवणाऱ्या मॅडम मराठीच होत्या. त्या फळ्यावर वाक्यं लिहायच्या. 'वाताशि वा होन् ओ योमिमासु'. मी-पुस्तक-वाचते. शब्दाला शब्द ठेवत जा, क्रम बदलायची गरजच नाही. क्रियापद शेवटी, आपल्यासारखं. इंग्रजीत शब्दाच्या आधी जे लागतं ते जपानीत शब्दाच्या मागे लागतं, आपल्यासारखं. 'नो' म्हणजे चा-ची-चे. 'नि' म्हणजे बऱ्याचदा ला. 'दे' म्हणजे ने. 'बासु दे' म्हणजे बसने. 'तोक्यो कारा ओसाका मादे' म्हणजे तोक्योपासून ओसाकापर्यंत. इंग्रजी माध्यमाची हुशार मुलं आधी वाक्य इंग्रजीत करायची, मग ते उलटं फिरवायची आणि मधेच कुठेतरी पडायची. हा जुन्नरचा मुलगा सरळ मराठीतून जपानीत जायचा, जसं या खोलीतून त्या खोलीत जावं.

पुढे तर मजाच आली. 'ताबेते मिरु'. 'ताबेरु' म्हणजे खाणे, 'मिरु' म्हणजे बघणे. खाऊन बघणे! इंग्रजीत समजावून सांगायला मॅडमना पाच मिनिटं लागली, आमच्या बाकावर पाच सेकंद. 'किनोओ कात्ता होन्' म्हणजे काल घेतलेलं पुस्तक. जे-ते, जो-तो काही नको. पाऊस 'झाआझाआ' पडतो, छाती 'दोकिदोकि' करते, नवं भांडं 'पिकापिका' असतं. आपल्याकडे धो धो, धडधड, चकचक. मोठ्यांशी बोलायची क्रियापदं वेगळी, धाकट्यांशी वेगळी. 'बसा' आणि 'बस' यांतला फरक ज्याला आईने चापट देऊन शिकवला आहे त्याला यात नवीन काही नाही. इतकंच काय, 'त्सुनामी'तला पहिला उच्चार हिंदीवाल्यांना जड जातो. आपल्या 'चुन्या'तला च लावा, झालं काम.

हे आपल्यालाच जमतं असं मला म्हणायचं नाही. कानडी, तमिळ मंडळींनाही ही वाक्यरचना अशीच सोपी जाते. आणि जपानी ही काही सोपी भाषा नव्हे. कांजी नावाचं जे चिनी चित्राक्षरांचं प्रकरण आहे ना, ते भल्याभल्यांना रडवतं. रोजच्या वापराची म्हणून तिथल्या सरकारने ठरवलेलीच २,१३६ आहेत, आणि एकेकाचे दोन-दोन, चार-चार उच्चार. आमच्या वेळी परीक्षेच्या चार पातळ्या होत्या. सगळ्यांत खालच्या चौथ्या पातळीला शंभरेक कांजी आणि आठशे शब्द, तर पहिल्या पातळीला दोन हजार कांजी आणि दहा हजार शब्द! २०१० पासून पाच पातळ्या झाल्या. मी डिसेंबर २००९ मध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या शेवटच्या वर्षी, चौथी पातळी पास झाले आणि तिथेच थांबले. गुडघे आणि कांजी दोन्ही एकदम सांभाळणं झेपेना.

पण त्या वर्गात मला जे सगळ्यांत मोठं घबाड मिळालं ते वेगळंच. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी जपानी वर्णमाला लिहून दिली. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मी चमकले. ही आपलीच ओळ की! अ इ उ ए ओ तर आहेच. मग क, त, न, म, य, र, व, सगळे आपापल्या जागी. फक्त च च्या जागी 'सा' आणि प च्या जागी 'हा' कसा? मॅडमना विचारलं, त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, पुस्तकं देते, वाचा."

वाचल्यावर कळलं ते असं. जपानमध्ये बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्र गेले, आणि मंत्र नीट म्हणायचे तर अक्षरं नीट यायला हवीत. इसवी सन ७३६ मध्ये बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू नारा इथे पोहोचला. ७५२ मध्ये तिथल्या महाबुद्धाचे नेत्र उघडण्याचा विधी त्याच्या हस्ते झाला. पुढे ८०४ मध्ये कूकाई हा जपानी भिक्षू चीनला गेला, तिथे प्रज्ञ या भारतीय पंडिताकडे शिकला आणि दोन वर्षांनी परतताना संस्कृत मंत्रांची लिपी घेऊन आला. त्या लिपीचं नाव सिद्धम्. तिच्या अभ्यासाची परंपरा भिक्षूंनी चालू ठेवली आणि त्याच अभ्यासातून, अकराव्या शतकाच्या आसपास, जपानी अक्षरं या क्रमात लावली गेली. आणि सा-हा चं कोडं? जुन्या जपानीत 'सा'चा उच्चार च च्या जवळचा होता आणि 'हा'चा प होता. उच्चार बदलले, जागा तशाच राहिल्या. क, च, त, न, प, म, य, र, व. आज जपानी शब्दकोश याच क्रमाने लागतो.

आता 'सिद्धम्' शब्दाकडे बघा. आपल्याकडे जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर मूल पहिल्यांदा काय गिरवायचं? 'ॐ नमः सिद्धम्'. पोरांच्या तोंडी त्याचं 'ओनामासिधं' झालं आणि त्यावरून आरंभाला आपण 'ओनामा' म्हणू लागलो. माझी आजी कुठल्याही कामाचा ओनामा करायची. म्हणजे माझ्या आजीच्या बोलण्यातला शब्द आणि जपानी देवळांतल्या लिपीचं नाव एकाच मंत्रातून आलेले. मी त्या रात्री झोपले नाही. लेकाला उठवून सांगितलं, तो म्हणाला, "आई, बारा वाजलेत."

हा धागा केवळ पुण्याच्या माडीवर संपत नाही. कूकाईने जिथे आपला मठ वसवला त्या कोयासान डोंगरावरच्या विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला, महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९६० च्या दशकाअखेरीला, सुरेई ससाई नावाचे जपानी भिक्षू नागपूरला आले ते नागपूरचेच झाले, १९८८ च्या सुमारास भारताचे नागरिकही झाले. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस विहारात जपानी मंडळी येत-जात असतात. विदर्भातल्या ज्या मुलांनी लहानपणापासून हे पाहिलं, त्यांच्यातला एखादा जपानीच्या वर्गाला येतो तेव्हा तो पगाराच्या आकड्यावरून आलेला नसतो.

आमच्या त्या जुन्नरच्या मुलाकडे परत येते. तो पुढे दुसऱ्या पातळीपर्यंत गेला आणि एका कंपनीत दुभाषा म्हणून लागला. मी शिक्षिका होते हे कळल्यापासून 'काकू'ची मी 'बाई' झाले होते. काही वर्षांनी दिवाळीत भेटायला आला. चहा घेताना मी सहज विचारलं, "का रे, जपानीच का घेतलीस तू तेव्हा?" मला वाटलं आता पगार सांगेल. थोडा वेळ बशीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, कॉलेजात मी कुठेही गेलो की बाकीचे आधीच पुढे पोहोचलेले असायचे. इंग्रजीत ते जन्मापासून होते. जर्मनच्या वर्गातही गेलो होतो एकदा, तिथे निम्मे शब्द इंग्रजीसारखे, त्यांना लगेच कळायचे. जपानीच्या वर्गात माझ्या आधी पोहोचलेलं कुणीच नव्हतं."

मला रानडे इन्स्टिट्यूटचं फाटक आठवलं.

पैशाचं उत्तर खोटं आहे असं नाही. पण पैशाकडे जायचे जे बाकीचे रस्ते होते त्यांच्या प्रत्येकाच्या तोंडाशी इंग्रजी पहारा देत बसलेली होती. जपानीच्या दाराशी ती नव्हती. तिथे फर्ग्युसनचा आणि जुन्नरचा, दोघेही पाटीवर 'आ' गिरवत होते. आमच्या वर्गातली ती बी.एस्सी. गृहिणी बारा वर्षं घरी होती. नोकरीच्या मुलाखतींना गेली की मुली फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या. तिने जपानीत पहिल्या पातळीपर्यंत मजल मारली आणि आता घरी बसून यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित करते. वाईटसुद्धा वाटतं. आपल्याच राज्यात मराठी मुलाला बरोबरीने उभं राहायला जपानी भाषेचा आडोसा घ्यावा लागला. कर्व्यांनी तोक्योहून आलेल्या पुस्तिकेवरून मातृभाषेचं विद्यापीठ काढलं त्याला शंभर वर्षं होऊन गेली तरी!

आता गर्दी वाढली आहे. जपान फाउंडेशनच्या २०२१ च्या पाहणीत जगात जपानी शिकणारे सुमारे अडतीस लाख, त्यांत भारतातले छत्तीस हजारांच्या आसपास. चीनमध्ये दहा लाखांवर आणि इंडोनेशियात सात लाखांच्या आसपास आहेत, म्हणजे आपण काही फार नाही. आपल्याकडे यातले पुष्कळसे लोक शाळा-कॉलेजाच्या बाहेर, खासगी वर्गांतून शिकतात, हेही लक्षात घ्या. जपानात माणसं म्हातारी होत चालली आहेत, काम करायला हात कमी पडतात. म्हणून २०२१ च्या जानेवारीत कुशल कामगारांबाबत दोन्ही देशांचा करार झाला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पाच वर्षांत पन्नास हजार कुशल भारतीय जपानला जावेत असं ठरलं. त्यामुळे जाहिरातीही वाढल्या आहेत. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या मुलीने, सातारा जिल्ह्यात, वृद्धांच्या सेवेच्या कामासाठी एका मध्यस्थाकडे घरचे दागिने मोडून पैसे भरले. चौथ्या पातळीची भाषा यायला हवी होती. त्याने चार महिने नुसती गाणी आणि नमस्कार शिकवले. ती परीक्षेत बसली आणि पडली. पैसे परत आले नाहीत. ती आता दुसरीकडे पहिल्यापासून शिकते आहे. म्हणून कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, जो कांजीबद्दल बोलत नाही आणि पगाराबद्दलच बोलतो त्याच्याकडे फी भरू नका.

तर नातीला समजावायचं राहिलंच होतं. गेल्या रविवारी ती वही घेऊन आली. हिचं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातून, तेव्हा जुन्नरच्या मुलाचं उत्तर हिला लागू नाही, हे मला कळत होतं. मी विचारलं, "बाबा म्हणतो जर्मन घे. तू जपानीच का घेतलीस गं?"

"ते सांगते नंतर," ती म्हणाली. "आधी मला एक सांग आजी. आमचे सर म्हणाले, ज्यांना मराठी चांगलं येतं त्यांनी मराठीतून विचार करा. मला येत नाही. 'ने' आणि 'ला' कधी लावायचं ते तू शिकव ना. आणि ते चतुर्थी-बितुर्थी काय असतं?"

मी स्वयंपाकघरातून पाटी आणली. पाटी म्हणजे दूधवाल्याचा हिशोब लिहायची. प्रथमा, द्वितीया, तृतीया लिहून दिल्या. ती शेजारी जपानी प्रत्यय लिहीत गेली. षष्ठीशी 'नो' जुळल्यावर टाळी वाजवली. मधेच थांबून म्हणाली, "आजी, 'ताबेते शिमाउ'चं सर म्हणाले 'खाऊन टाकणे'. पण खाऊन कुठे टाकतात? 'टाक' म्हणजे थ्रो ना?"

तेवढ्यात लेकाचा फोन आला. "समजावलंस का तिला?"

"चालू आहे," मी म्हटलं. "आत्ता षष्ठीपर्यंत आलोय."